निजण्याची जागा

२ नोव्हेंबरला आपण सहकुटुंब दफनभूमीत जातो, थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. या जागेला आद्य ख्रिस्ती लोक ग्रीक भाषेत 'कोइमेतेरियोन' म्हणत. त्याचा अर्थ निजण्याची जागा. कोकणीतील 'सिमितेर' हा पोर्तुगीजांकरवी आलेला शब्द त्याच मूळाचा आहे.

मृत्यूला निद्रा म्हणण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. ग्रीक पुराणकथांत निद्रा आणि मृत्यू ही जुळी भावंडे होत. जुन्या करारातील राजेही आपल्या पूर्वजांसह निजतात. परंतु मातीत निजलेले पुढे जागे होतील, ही आशा दानीएलच्या ग्रंथात स्पष्ट झाली. प्रभू येशूने याइराच्या कन्येविषयी ती झोपली आहे असे म्हटले, तेव्हा लोक हसले. प्रभूने तिचा हात धरून तिला उठविले. दगडमाराने मरण पावलेल्या संत स्तेफनाविषयीही शास्त्र तो झोपी गेला असेच सांगते.

या श्रद्धेची रोममध्ये कठोर परीक्षा झाली. सन २५७ मध्ये सम्राट वालेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जाण्यास बंदी केली. तरीही ते तेथे जमत राहिले. ६ ऑगस्ट २५८ रोजी पोप दुसरे सिक्स्तुस यांना दफनभूमीतच पकडून ठार मारण्यात आले. संत कालिस्तुस यांच्या नावाच्या भुयारी दफनभूमीत त्यांना ठेवले गेले. तेथील पोपांचे दफनगृह दे रोस्सी या संशोधकाने १८५४ साली शोधून काढले.

मग आत्माही झोपतो काय? १३३१ साली पोप बाविसावे योहान यांनी प्रवचनात असे मत मांडले की, पुण्यात्म्यांना अंतिम न्यायापूर्वी परमेश्वराचे पूर्ण दर्शन घडत नाही. त्यावर मोठा वाद झाला व १३३४ साली मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले. १३३६ साली पोप बारावे बेनेदिक्त यांनी निर्णय दिला की, शुद्ध झालेल्या आत्म्यांना अंतिम न्यायाची वाट न पाहता ते दर्शन लाभते. निजते ते शरीर, आत्मा नव्हे. म्हणूनच आपण संतांची मध्यस्थी मागतो आणि मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो.

शोकाकुल घरी जाऊन 'रडू नका' असे आम्हीही कधी म्हणून गेलो आहोत. परंतु लाजर झोपला आहे असे सांगणारा प्रभूच त्याच्या थडग्याकडे जाताना रडला. संत पौलाने थेस्सलनीकाकरांना शोक करण्याची मनाई केली नाही. आशाहीनांसारखा शोक करू नका, एवढेच सांगितले. निजलेल्यांपाशी आपण अश्रू ढाळावेत, आणि पहाट होणार हेही विसरू नये.