तरुणास्थि आणि कूर्चा : एका संज्ञेचा इतिहास

गुडघ्याची 'कूर्चा' झिजली, असे निदान आज मराठी रुग्णाला सांगण्यात येते. ही संज्ञा प्राचीन खरी; परंतु प्राचीनांनी ती या अर्थी योजिलेली नव्हती.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगितले आहेत. पैकी नाक, कान, मान व नेत्रकोश येथील अस्थी 'तरुण' होत. निदानस्थानातील भग्नविचारात, नलकास्थी मोडतात, तरुणास्थी मात्र वाकतात, असा भेद केलेला आढळतो. म्हणजे ज्याला आपण कूर्चा म्हणतो, ते सुश्रुताच्या लेखी हाडच होते. त्याची अस्थिसंख्या ३००, चरकाची ३६० आणि आधुनिकांची २०६, या तफावतीचे एक कारण हेच. (दात दोघांनीही मोजले, चरकाने तर नखेही सोडली नाहीत.) हर्नले यांनी १९०७ साली या गणनेची साक्षेपी चिकित्सा केली आहे.

मग 'तरुण' हे विशेषण का? गर्भावस्थेत हातापायांची लांब हाडे प्रथम कूर्चारूपाने घडतात व मागाहून अस्थिरूप पावतात. हे ज्ञान सुश्रुताच्या पदरी बांधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. नाकाच्या शेंड्याची व कानाच्या पाळीची कूर्चा सामान्यतः आयुष्यभर कूर्चाच राहते, आणि सुश्रुताने उदाहरणे दिली ती नाक-कानांची! उत्तर भाषेत आहे. संस्कृतात 'तरुण' म्हणजे वयाने तरुण, तसाच कोवळा, नवाही. तरुणज्वर म्हणजे नुकता आलेला ताप. मराठीने त्यातील वय तेवढे राखले आणि उरलेला अर्थ 'कोवळा' या शब्दाकडे गेला. तरुणास्थि म्हणजे कोवळे हाड, इतकेच.

'कूर्च' म्हणजे जुडगा, झुबका. आपला 'कुंचा' त्याचाच वंशज. सांध्यातील कूर्चा तर गुळगुळीत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने पोषण सांध्यातील द्रवातून होते व झीज सहसा भरून येत नाही. जुडग्याशी तिचे साम्य ते कोणते? हिंदीतील 'उपास्थि' निदान दिशाभूल तरी करीत नाही.

प्रश्न केवळ रुचीचा नाही. सुश्रुताने सहा कूर्च सांगितले आहेत : दोन हातांत, दोन पायांत, एक मानेत, एक मेढ्रात, शिवाय हातापायांतील एका मर्माचेही हेच नाव. आजचा विद्यार्थी मूळ ग्रंथ उघडतो, तेव्हा तेथे त्याला सहा कूर्चा दिसतात, आणि खरी कूर्चा 'तरुण' या नावाखाली न ओळखता मागे राहते.