खारदांड्याच्या हवेत प्रोसेसरची मर्यादा : प्रस्तावना

जानेवारीत बिनतक्रार चाललेलं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरला छापील वेगापेक्षा जास्त पळवणं, मे महिन्यात पंधरा मिनिटांत संगणक हँग का करतं? चिप तीच, बायोसमधले आकडेही तेच.

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वेग म्हणजे कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक चिपसाठी दिलेली हमी. एखादी चिप त्याहून बरंच पुढे जाऊ शकते. 1998 साली आलेला सेलेरॉन 300ए हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे मदरबोर्डच्या बसचा वेग ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, 4.5 वर कुलूपबंद होता. पण मदरबोर्डची बस 66 वरून 100 मेगाहर्ट्‌झवर नेली की तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्‌झवर धावे. इतकी मोकळी जागा आता क्वचितच सापडते. आजचे प्रोसेसर टर्बोच्या नावाखाली स्वतःच आपल्या मर्यादेजवळ जाऊन काम करतात.

मर्यादा येते कुठून? 5 गिगाहर्ट्‌झवर घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये 200 पिकोसेकंद असतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 6 सेंटिमीटर जातो. चिपमधल्या सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या मार्गावरचा संकेत पुढच्या ठोक्याआधी पोचला नाही, तर उत्तर चुकतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर बदलतात, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. चिप तापली की गळणारा प्रवाह वाढतो आणि तो चिपला आणखी तापवतो.

इथे खारदांड्याचा, म्हणजे मुंबईतल्या समुद्रकाठच्या कोळीवाड्याचा, संबंध येतो. हीटसिंक आणि पंखा चिपला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाहीत. एखादी चिप पूर्ण भाराखाली हवेपेक्षा 60 अंशांनी जास्त तापत असेल, तर 21 अंशांच्या खोलीत ती 81 वर थांबेल. कोळीवाड्यातल्या बिगर-एसी खोलीत मे महिन्याच्या दुपारी हवाच 33 अंश असते, म्हणजे चिप 93 वर. अनेक प्रोसेसर 100 अंशांजवळ स्वतःहून वेग उतरवतात. थंड देशातल्या माणसाने दिलेले आकडे इथे तसेच्या तसे वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. समुद्राकडून येणारी खारी, दमट हवा धुळीला हीटसिंकच्या पात्यांवर चिकटवते आणि धातूच्या जोडांना गंज आणते. पावसाळ्यात हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी फ्रिजसारख्या गॅसने किंवा पेल्टिअर या विजेवर थंड होणाऱ्या पट्टीने चिप त्याखाली थंड केली, तर मदरबोर्डवर पाणी साचेल.

म्हणून आधी मर्यादा ओळखायची, मग तिच्याशी झुंजायचं. सुरुवातीला बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे मेमरी जास्त वेगाने चालवण्याची सोय, बंद करून मेमरी मूळ वेगावर आणावी, नाहीतर मेमरीचा दोष प्रोसेसरच्या माथी बसतो. भार येताच संगणक कोसळला, तर पहिला संशय व्होल्टेजवर. दहा-पंधरा मिनिटांनी कोसळला, तर उष्णतेवर. कोसळत नाही पण वेग घसरतो, तेव्हा चिप स्वतःला वाचवत असते. रिकामा असताना बंद पडला, तर हलक्या कामासाठीचं व्होल्टेज अपुरं असू शकतं. एका वेळी एकच आकडा बदलावा, वहीत लिहावा आणि त्याच्याशेजारी खोलीचं तापमानही लिहावं. ही शेवटची नोंद बहुतेक जण टाळतात, आणि मे महिन्याचं कोडं तिच्यावाचून सुटत नाही.

संगणक चालू राहिला म्हणजे तो स्थिर आहे, असं नाही. न कोसळता चुकीचं उत्तर देणारा प्रोसेसर जास्त घातक. त्यात घरचे हिशेब आणि फोटो नकळत बिघडतात. मर्सेन मूळ संख्या शोधणारा प्राइम95 हा प्रोग्राम चाचणीसाठी वापरतात तो यासाठीच. त्याच्या चाचणीतली उत्तरं आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे एक चूकही उघडी पडते.

मर्यादा कायम एकाच जागी राहत नाही. 2024 मध्ये इंटेलने मान्य केलं, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे ते अस्थिर होत होते. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण आधीच झिजलेली चिप त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नव्हती. जास्तीच्या व्होल्टेजने चिप झिजते, मग ते कारखान्यातून आलेलं असो वा आपण दिलेलं. तेव्हा वर्षभराने तोच वेग टिकला नाही, तर हीटसिंक साफ करून, चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलून, त्याच ऋतूत चाचणी पुन्हा घ्यावी आणि वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावी.