भिंतीबाहेर गेलेला आवाज

नभोवाणी आणि मुक्ती यांचे नाते कारापूरच्या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून गुप्त केंद्र चालविले आणि ज्यांना गोव्यात तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांचे म्हणणे घरोघरी पोहोचविले. ज्यांचे बोलणे बोलणेच मानले जात नाही, अशा माणसांच्या नभोवाणीची हकिगत मात्र आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

ती घडली अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या बोर्दा मनोरुग्णालयात. १९९१ साली आल्फ्रेदो ओलिवेरा या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका छोट्या लोकनभोवाणी केंद्राने वेडाविषयी बोलावयास सांगितले. त्याने स्वतः पांडित्य न सांगता ध्वनिमुद्रक घेऊन रुग्णांनाच विचारले आणि त्यांचे बोलणे केंद्रावर ऐकविले. श्रोत्यांनी प्रश्न केले. ते ध्वनिफितीवरून रुग्णांपर्यंत गेले, उत्तरे परत आली. माझ्या मते खरा उपचार या येरझारीत होता. वर्षानुवर्षे ज्याला केवळ 'झोप लागली का?' एवढेच विचारले गेले, त्याला कोणी अनोळखी माणूस मत विचारतो, तेव्हा त्याला शब्द जुळवावे लागतात, ऐकणाऱ्याचे भान ठेवावे लागते. पुढे रुग्णालयाच्या आवारातूनच शनिवारी प्रक्षेपण होऊ लागले. ज्या जागी सारे दिवस सारखेच, तेथे शनिवार निराळा झाला. यामुळे औषधे सुटतात, असे मात्र कोणी समजू नये.

या केंद्राचे नाव 'ला कोलिफाता'. तेथील बोलीत कोलिफातो म्हणजे वेडा, पण मायेने म्हटलेला. मराठीच्या अध्यापकाला याचे नवल वाटत नाही. आई 'वेडा कुठला!' म्हणते तेव्हा तो शब्द जवळ घेतो. तोच कागदावर चढला की माणसाची साक्षसुद्धा उणी ठरते.

मोंतेविदेओत १९९७ साली आणि बार्सेलोनात २००३ साली अशीच केंद्रे निघाली. भारतात २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणीचा मार्ग मोकळा झाला. आपले मनोरुग्णालय बांबोळीस आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय विमानांनी पोर्तुगीजांचे नभोवाणी केंद्र निकामी केले, तेही बांबोळीसच. परवाना, मनोरा, यंत्रे हे सारे पुढचे. बोर्दात आरंभी होता तो एक ध्वनिमुद्रक, आणि प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारा एक विद्यार्थी.