सात बिटांची वेस

बीडच्या कलेक्टर कचेरीत संगणकाचं जाळं पोचलं तेव्हा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत साधा टेलिफोनही नव्हता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहावर चालणारं निकनेट उभारलं आणि १९९० च्या आसपास देशातल्या बहुतेक जिल्हा मुख्यालयांत छोट्या तबकड्या लागल्या. बीडचे आकडे दिल्लीला जाऊ लागले. पण ते सरकारी जाळं. केजच्या शेतकऱ्याला किंवा परळीच्या मास्तरांना त्यातून चार ओळी धाडायची सोय नव्हती.

दुसरं जाळं होतं संशोधकांचं. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू केलं. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळुरूची विज्ञान संस्था होती, दिल्लीचा विभाग स्वतः होता आणि मुंबईचं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, होतं. जुहूच्या एनसीएसटीतलं शक्ती नावाचं यंत्र परदेशाशी ईमेलची देवघेव करायचं. त्या दारातून जायला संस्थेचा माणूस असावं लागे.

तिसरं जाळं हौशी लोकांचं, बुलेटिन बोर्डांचं, म्हणजे बीबीएसचं. एका घरात एक पीसी, एक मोडेम, एक फोनलाइन. बाहेरच्याने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपले लिहायचे, फोन ठेवायचा, मग पुढच्याचा नंबर. १९८४ साली टॉम जेनिंग्जने अमेरिकेत फिडोनेट सुरू केलं आणि असे सुटे बोर्ड एकमेकांना रात्री फोन करून टपालाची पाकिटं देऊ लागले. जगाचे सहा झोन पाडले होते. आशियाचा क्रमांक सहा. मुंबईत लाइव्ह वायर हा त्यातला नावाजलेला बोर्ड. दादरला एका सिसॉपच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याच्या, घरी चालणाऱ्या तशाच एका छोट्या बोर्डावर मी रात्री काम करायचे. मी अंबाजोगाईची. इंजिनिअरिंग तिथेच केलं आणि नोकरीला मुंबईत आले.

फिडोचं टपाल आणि इंटरनेटची ईमेल यांची भाषा एक नव्हती. दोन्हींच्या मध्ये जो प्रोग्राम बसवायचा तो गेटवे. अमेरिकेत टिम पोझर आणि त्याच्या साथीदारांनी यूएफगेट लिहून ही वाट पाडली. बाहेरून गेटवे म्हणजे नुसता एक पीसी. आत मात्र एकेका ओळीवर डोकं लावावं लागे. फिडोच्या पाकिटात ‘कोणाला’ या रकान्याला ३६ बाइट, त्यातला शेवटचा रिकामा. माणसाचं नाव त्यात मावे, लांबलचक ईमेल पत्ता मावत नसे. म्हणून त्या रकान्यात ‘यूयूसीपी’ हा ठरलेला शब्द लिहायचा आणि खरा पत्ता मजकुराच्या पहिल्या ओळीत द्यायचा. गेटवे ती ओळ उचलून ईमेलच्या मथळ्यात बसवी. उलट दिशेने येणाऱ्या पत्त्यात माणसाचं नाव, मग एफ आणि नोडचा, म्हणजे बोर्डाचा, आकडा, एन आणि नेटचा आकडा, झेड आणि झोनचा आकडा, शेवटी फिडोनेट डॉट ऑर्ग. यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की पत्र परक्या गावी.

फिडोत परिच्छेद संपेपर्यंत ओळ तोडायची गरज नसे. ईमेलला आखूड ओळी लागत. तारखा वेगळ्या लिहिल्या जात. सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे परत आलेलं टपाल. न पोचलेल्या पत्राची सूचना परत येते. त्या सूचनेला आपल्या यंत्राने पुन्हा सूचना पाठवली आणि समोरच्याने तिलाही उत्तर दिलं, तर दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना फोन करत राहतात आणि बिल सिसॉपच्या नावे फाटतं. म्हणून पहिला नियम हाच घालायचा: परतीच्या सूचनेला कधीही उत्तर द्यायचं नाही. रात्री उशिरा एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा, म्हणून पाकिटं तेव्हाच सुटत. स्वतःच्या खिशातून बिल भरून अनोळखी माणसांचं टपाल पुढे नेणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात. त्यांची नावं आपल्या कोणत्याही इतिहासात आलेली नाहीत.

माझे मामा केजला असत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मामेभाऊ अमेरिकेत शिकायला गेला होता आणि त्याच्या विद्यापीठाने त्याला ईमेल दिली होती. मामांचं अंतर्देशीय पत्र मला दादरला मिळायचं, वरच्या कोपऱ्यात ठरलेली सूचना: ‘माय, हे बाळ्याला तुझ्या मशिनीतून धाड.’ आत औंदाचा कापूस, विहिरीचं पाणी, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. मामांची अक्षरं जशीच्या तशी पोचावीत म्हणून मी ते देवनागरीत टाइप करायचं ठरवलं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आमच्या ऑफिसच्या पीसीत होतं. त्यावर मराठी इस्कीत साठवली जायची.

इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण. एका बाइटमध्ये आठ बिट. इंग्रजी अक्षरं शून्य ते १२७ मध्ये, सात बिटांत मावतात. देवनागरीला इस्कीने वरची जागा दिली, १२८ च्या पुढची, जिथे आठवा बिट लागतो. बोर्डावर आठही बिट चालत, त्यामुळे जिस्ट कार्ड असलेल्या दोघांमध्ये मराठी नीट यायची-जायची. पण त्या काळची ईमेल सात बिटांची. वाटेतलं एखादं यंत्र आठवा बिट खुशाल पुसून टाकी. प्रत्येक अक्षरातून १२८ वजा.

‘बीड’ हा शब्द घ्या. इस्कीत ब म्हणजे २०२, दीर्घ ईकार २२०, ड १९१. आठवा बिट गेला की उरतात ७४, ९२ आणि ६३. इंग्रजी तक्त्यात ७४ म्हणजे ‘जे’ हे अक्षर, ९२ म्हणजे उलटी तिरकी रेघ, ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. केजहून निघालेल्या पत्रातला बीड अमेरिकेत असा पोचला. मामेभावाने कळवलं, ‘ताई, नुसती चिन्हं आली आहेत, पुन्हा पाठव.’

उपाय होता, यूयूएनकोड नावाचा. तीन बाइटचे चोवीस बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटाला सात बिटांत मावणारं एक चिन्ह द्यायचं. ‘बीड’ची चार चिन्हं होतात: आर, एम, आर आणि खालची आडवी रेघ. ती वेस ओलांडून सुखरूप जातात, पलीकडे उलगडली की पुन्हा २०२, २२०, १९१. पण उलगडून दाखवायला तिकडे जिस्ट कार्ड हवं, आणि ते अमेरिकेतल्या विद्यापीठात कुठून असणार? शेवटी मी मामांची पत्रं रोमन अक्षरांत टाइप करू लागले. ‘औंदा’ रोमनमध्ये लिहिला की तो कसा उच्चारायचा हे फक्त आमच्या घरालाच ठाऊक. ळ आणि ल एक झाले, ण आणि न एक झाले. ज्या लाखो मराठी माणसांनी पुढे वर्षानुवर्षं रोमनमध्ये मराठी लिहिली, त्यांची सवय अशा ठिकाणी लागली. ती आळसाने लागली असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. दारच अरुंद होतं.

१९९२ साली माइम हे प्रमाण आलं आणि आठ बिटांचा मजकूर सात बिटांतून न्यायची रीत ठरली. पण हौशी बोर्डांवर लवकरच दुसरं संकट आलं. १९९४ मध्ये दूरसंचार विभागाने बीबीएस चालवायला वर्षाला किमान १५ लाख रुपये परवाना शुल्क मागितलं. एका फोनलाइनवर चालणाऱ्या सेवेला १५ लाख! माझ्या मते तो सरळ अन्याय होता. चार पैशांचीही कमाई नसलेल्या माणसांना कंपन्यांच्या रांगेत उभं केलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेही आधी मोठ्या महानगरांत. बीडच्या माणसाला त्यासाठी मुंबईला एसटीडी लावावा लागे. तरी ज्याला थेट ईमेल मिळाली त्याला गेटवेची गरज उरली नाही, आणि बोर्ड एकेक करून बंद पडले.

आज मराठी ज्या युनिकोडमध्ये साठवली जाते, त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली आहे, त्यामुळे इस्कीतला मजकूर आजच्या मराठीत आणणं सोपं आहे. अक्षरागणिक तक्ता लावला की झालं. अवघड आहे ते मूळ फाइल मिळवणं. १९९० च्या दशकात बीड जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत, पतसंस्थांत, छापखान्यांत, शाळांत जिस्ट कार्डावर मराठी टाइप झाली. त्या फ्लॉपी कुणाच्या तरी कपाटात आहेत. चुंबकी थर दरवर्षी झिजतो आहे आणि फ्लॉपी वाचणारं यंत्रही दुर्मीळ होतं आहे. तुमच्या घरी, संस्थेत अशी फ्लॉपी असेल तर ती उघडता येत नाही म्हणून फेकू नका. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढून घ्या, आठही बिटांसकट. वाचण्याचं काम नंतरही होईल.