आभासी सर्व्हरांचे केंद्रीय व्यवस्थापन आणि परवान्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात पिशोर हे गाव आहे. पिशोरसारख्या गावातील शेतकऱ्यास पीककर्जासाठी सातबारा लागतो, वारसनोंदीसाठी फेरफार लागतो, विद्यार्थ्यास दाखले लागतात. पूर्वी हे कागद तलाठ्याच्या दप्तरात असत. आज ते संगणकाच्या पडद्यावर येतात. मात्र त्यामागील माहिती गावापासून शेकडो मैल दूर असलेल्या सर्व्हरवर साठविलेली असते. हा सर्व्हरही बहुधा स्वतंत्र यंत्र नसतो. एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या अनेक आभासी यंत्रांपैकी तो एक असतो. काम थांबले की गावात ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळते. या तीन शब्दांत वीज, जोडणी, यंत्राचा बिघाड अशी अनेक कारणे एकत्र झालेली असतात. त्यांतील एका कारणाची चर्चा मराठीत फारशी होत नाही. ते म्हणजे परवाना, म्हणजेच सॉफ्टवेअरचे लायसन्स.

परवान्याचा दोष इतर दोषांहून वेगळ्या जातीचा आहे. यात यंत्र शाबूत असते, माहिती शाबूत असते, वीजही असते. परंतु काम करण्याची परवानगी नसते. ही परवानगी कोणी, कशाच्या आधारे आणि किती काळासाठी द्यावयाची, याची उत्तरे गेल्या सहा दशकांत अनेकदा बदलली. त्या बदलांचा आढावा घेणे आणि केंद्रीय व्यवस्थापनात परवान्याचे दोष ओळखणे अवघड का जाते याची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. भाडे, विक्री आणि परवाना

संगणकाच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत नव्हती. यंत्र भाड्याने दिले जाई आणि त्यासोबत कार्यप्रणाली व देखभाल मिळे. आय.बी.एम. या कंपनीने जून १९६९ मध्ये यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी करण्याचा निर्णय जाहीर केला. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र क्रयवस्तू ठरण्याच्या प्रक्रियेतील हा महत्त्वाचा टप्पा होय. भारतातही ही कंपनी आपली यंत्रे भाड्याने देत असे. परकीय चलनविषयक कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य न झाल्याने ती १९७८ मध्ये देशातून बाहेर पडली आणि तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे आली. यंत्र आपल्या आवारात असले तरी त्यावरील सत्ता दुसऱ्याची असू शकते, हा धडा भारतीय संस्थांना तेव्हाच मिळाला होता.

एका यंत्रातून अनेक यंत्रे निर्माण करण्याची कल्पनाही याच काळातील आहे. आय.बी.एम.च्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘सीपी-४०’ व नंतर ‘सीपी-६७’ या प्रणाली तयार झाल्या आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ जाहीर झाली. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाच्या सैद्धांतिक अटी मांडल्या. या काळात आभासी यंत्रांच्या संख्येवरून वाद उद्भवण्याचे कारण नव्हते, कारण यंत्र आणि त्यावरील आभासीकरण दोन्ही एकाच कंपनीचे होते.

पुढे स्वस्त व्यक्तिगत संगणकांचा प्रसार झाला आणि ही कल्पना मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती सामान्य प्रोसेसरवर पुन्हा शक्य करून दाखविली. २००१ मध्ये तिची सर्व्हरसाठीची उत्पादने आली. २००३ मध्ये ‘व्हर्च्युअलसेंटर’ हे केंद्रीय व्यवस्थापनाचे साधन आणि चालते आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय उपलब्ध झाली. येथूनच परवान्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने गुंतागुंतीचा झाला. जे यंत्र सकाळी एका यजमान सर्व्हरवर आणि दुपारी दुसऱ्यावर असते, त्याचा परवाना नेमका कोणत्या यंत्राशी बांधावयाचा, हा प्रश्न त्यापूर्वी कोणापुढे नव्हता.

२. परवाना सर्व्हरचा काळ : २००६ ते २००९

जून २००६ मध्ये आलेल्या ‘व्हीआय-३’ या आवृत्तीने या प्रश्नाला केंद्रीकरणाचे उत्तर दिले. प्रत्येक यजमान सर्व्हरवर परवान्याची स्वतंत्र फाइल ठेवणे शक्य होते. परंतु मोठ्या संस्थांसाठी एक स्वतंत्र परवाना सर्व्हर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सर्व यजमान या सर्व्हरकडे परवाना मागत आणि काम संपल्यावर तो परत करीत. ग्रंथालयातील देवघेव विभागाशी या पद्धतीचे साम्य दिसते. प्रती ठरावीक असतात, वाचक बदलत राहतात आणि नोंद एका टेबलावर होते.

हे टेबल बंद पडले तर काय, याचाही विचार त्यात केलेला होता. परवाना सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर यजमानांना १४ दिवसांची सवलत मिळे. ही मुदत संपल्यानंतरही चालू असलेली आभासी यंत्रे बंद पडत नसत. परंतु बंद असलेले यंत्र नव्याने सुरू करता येत नसे. वरकरणी ही सवलत उदार वाटते. व्यवस्थापकांच्या दृष्टीने मात्र हाच मोठा सापळा होता. दोष घडल्याचा दिवस आणि दोष दिसल्याचा दिवस यांत आठवड्यांचे अंतर पडू लागले. सर्व्हरचे नाव बदलणे, जोडणीची वाट रोखली जाणे, परवान्याच्या फाइलीत हाताने फेरफार करताना एखादी ओळ बिघडणे अशा किरकोळ घटना पंधरवड्यापूर्वी घडलेल्या असत आणि त्यांचा परिणाम भलत्याच दिवशी समोर येई.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील परिस्थितीत या वैशिष्ट्याला विशेष अर्थ आहे. त्या वर्षांत मराठवाड्यात भारनियमन हा नित्याचा अनुभव होता. जेथे वीज अखंड असते तेथे सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाही आणि परवान्याचा दोष झाकलेला राहतो. जेथे वीज वारंवार जाते व बॅटरीचा आधार अपुरा पडतो, तेथे प्रत्येक खंडानंतर यंत्र नव्याने सुरू करावे लागते आणि दर वेळी परवान्याची परीक्षा होते. अशा वेळी दोष विजेवर ढकलला जाणे स्वाभाविक होते, कारण वीज गेल्यानंतरच काम थांबलेले असे. वीज हे निमित्त आणि परवाना हे कारण, हा भेद लक्षात न आल्याने दुरुस्तीची दिशाच चुकते.

३. १२ ऑगस्ट २००८ ची घटना

परवान्याच्या दोषांच्या इतिहासात १२ ऑगस्ट २००८ हा दिवस महत्त्वाचा आहे. व्हीएमवेअरने जुलै २००८ च्या अखेरीस ‘ईएसएक्स ३.५’ ची दुसरी सुधारणा प्रसिद्ध केली होती. चाचणीच्या काळात मुदत संपावी म्हणून घातलेला संकेत अंतिम आवृत्तीतून काढावयाचा राहून गेला. १२ ऑगस्टची तारीख उजाडताच ही आवृत्ती वापरणाऱ्या सर्व्हरवर बंद यंत्रे सुरू होईनात, स्थगित यंत्रे पूर्ववत होईनात आणि चालती यंत्रे दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येईनात. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून परवाने घेतले होते, त्यांनाही परवान्याची मुदत संपल्याचा संदेश मिळाला. महिन्याभरापूर्वीच सूत्रे हाती घेतलेले मुख्याधिकारी पॉल मारिट्झ यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि सुधारित आवृत्ती तातडीने देण्यात आली.

ती मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे सर्व्हरचे घड्याळ मागे नेणे. हा उपाय काम चालू करी. पण घड्याळ खोटे झाले की नोंदींच्या वेळा खोट्या होतात आणि वेळेवर विसंबणाऱ्या ओळखपडताळणीस बाधा येते. दस्तनोंदणी किंवा फेरफार यांसारख्या, तारखेला कायदेशीर मूल्य असलेल्या कामांत असा उपाय किती धोक्याचा ठरेल हे सांगावयास नको. अधिकृत परवाना असूनही काम थांबू शकते आणि दोषाचा उगम ग्राहकाच्या नव्हे, विक्रेत्याच्या घरी असू शकतो, ही गोष्ट या घटनेने सिद्ध केली.

४. मोजणीचे एकक

मे २००९ मध्ये आलेल्या ‘व्हीस्फीअर ४’ या आवृत्तीने नव्या यजमानांसाठी स्वतंत्र परवाना सर्व्हरची गरज संपविली. २५ अक्षरांची किल्ली केंद्रीय व्यवस्थापकात नोंदवून ती यजमानास नेमून देण्याची पद्धत आली. जुने दोष कमी झाले, पण वादाचा विषय बदलला. परवाना कोठे ठेवावयाचा याऐवजी काय मोजावयाचे हा प्रश्न पुढे आला.

प्रारंभी प्रोसेसर मोजले जात. जुलै २०११ मध्ये ‘व्हीस्फीअर ५’ सोबत आभासी यंत्रांना दिलेली स्मृती मोजण्याचा नियम जाहीर झाला. सर्वोच्च श्रेणीच्या परवान्यामागे ४८ गिगाबाइटची मर्यादा होती. ग्राहकांच्या तीव्र नाराजीमुळे ऑगस्ट २०११ मध्ये ती ९६ करण्यात आली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये हा नियमच मागे घेण्यात आला. २०२० मध्ये एका परवान्यात प्रोसेसरचे ३२ गाभे एवढीच मर्यादा ठरली. आभासी यंत्राच्या आत चालणाऱ्या कार्यप्रणालीचा हिशेब यापासून वेगळा राहिला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ पासून प्रोसेसरऐवजी गाभे मोजण्यास प्रारंभ केला. त्यामुळे एकाच यंत्रासाठी बाहेरचा आणि आतला असे दोन हिशेब ठेवणे भाग पडले.

२२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचे संपादन पूर्ण केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविण्यात आली आणि वर्गणीची पद्धत आली. आता गाभे मोजले जातात, एका प्रोसेसरमागे किमान १६ गाभे धरले जातात आणि परवान्याला मुदत असते. २०२५ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत वापराचा अहवाल दर १८० दिवसांनी कंपनीस सादर करण्याची अट आली. १९६९ पूर्वीचे भाडे एका अर्थाने परतले, असे म्हणता येईल; फरक एवढाच की, तेव्हा भाडे यंत्राचे होते, आता ते परवानगीचे आहे.

५. मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय

केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये पुढे आलेले ‘झेन’ आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले ‘केव्हीएम’ यांनी वेगळी वाट दाखविली. त्यांच्या परवान्यात यंत्रे मोजली जात नाहीत आणि परवान्याअभावी यंत्र सुरू होण्याचे थांबत नाही. ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या प्रणालीत वर्गणी नसल्याची सूचना पडद्यावर दिसते, पण काम अडत नाही. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. तथापि हा पर्याय विनामूल्य समजणे चूक ठरेल. परवान्यावरील खर्च येथे जाणकार मनुष्यबळावर होतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते टिकविणे हे स्वतंत्र आव्हान आहे.

६. महाराष्ट्रातील केंद्रीकरण

राष्ट्रीय ई-शासन योजनेस मे २००६ मध्ये मान्यता मिळाली. राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस जानेवारी २००८ मध्ये १,६२३.२० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली. महाराष्ट्राचे राज्य माहिती केंद्र उभे राहिले आणि त्यावर ‘महागव्ह क्लाउड’ आकारास आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राच्या ‘मेघराज’ उपक्रमातून राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. गावपातळीवर २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक पोहोचविला. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला.

या केंद्रीकरणाचे लाभ निर्विवाद आहेत. प्रत्येक तालुक्यात स्वतंत्र सर्व्हर सांभाळणे खर्चिक व असुरक्षित होते. परंतु माहिती जशी एकवटली, तशी परवानगीही एकवटली. पूर्वी एका गावचे दप्तर बंद पडले तर त्या गावाचे काम अडे. एकवटलेल्या व्यवस्थेत केंद्रस्थानी झालेली हिशेबाची चूक एकाच वेळी असंख्य गावांपर्यंत पोहोचू शकते.

७. दोषनिदानाची दिशा

वरील इतिहासातून निदानाचा एक क्रम हाती येतो. प्रथम घड्याळ तपासावे, कारण मुदत घड्याळावर चालते. दुसरे, यजमानाला मिळालेला परवाना केंद्रीय व्यवस्थापनास अनुमती देणारा आहे किंवा नाही हे पाहावे. २००८ पासून विनामूल्य मिळू लागलेली ‘ईएसएक्सआय’ ही आवृत्ती केंद्रीय व्यवस्थापकास जोडता येत नसे, आणि तो दोष जोडणीचा समजून अनेकदा वेळ वाया जाई. तिसरे, साठ दिवसांच्या चाचणी मुदतीवर कोणता सर्व्हर चालत आहे याचा शोध घ्यावा. चौथे, मोजणीचे एकक आणि यंत्राची प्रत्यक्ष रचना यांचा मेळ घालावा. अखेरीस, पुनःप्रारंभाची नियोजित चाचणी घ्यावी. चालू यंत्र परवान्याचा दोष दाखवीत नाही. तो पुन्हा सुरू करतानाच दिसतो.

महाविद्यालयांच्या संदर्भात एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद होते, त्यावर क्रमांक पडतो आणि दरवर्षी पडताळणी होते. परवाना मात्र दिसत नाही. तो एखाद्या कर्मचाऱ्याच्या ई-मेल खात्याशी बांधलेला असतो. कर्मचारी निवृत्त झाला अथवा विक्रेती कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली की किल्ली कोणत्या खात्यात आहे हेच कळेनासे होते. २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या ग्राहकांची खाती नव्या मालकाच्या संकेतस्थळावर हलविली गेली, तेव्हा या उणिवेची किंमत लक्षात येण्यासारखी होती. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत परवान्याचे खाते, एकक, संख्या व मुदत यांचा स्वतंत्र रकाना असणे म्हणूनच आवश्यक आहे.

निष्कर्ष

परवाना हा प्रारंभी खरेदीचा पुरावा होता. केंद्रीय व्यवस्थापनाच्या युगात तो काम चालू राहण्याची अट बनला आणि वर्गणीच्या पद्धतीने त्या अटीला मुदत जोडली. परवान्याचे दोष यंत्रापेक्षा नोंदीत अधिक आढळतात आणि घडल्यानंतर बऱ्याच काळाने उघड होतात, हे या आढाव्यातून दिसून येते. म्हणून सार्वजनिक सेवांच्या करारांत केवळ यंत्रांची क्षमता नमूद करणे पुरेसे नाही. मुदत संपल्यास सेवा किती काळ चालू राहील आणि पुनःप्रारंभाचा अधिकार कोणाकडे असेल, हेही स्पष्ट असावयास हवे. पिशोरच्या शेतकऱ्यास सातबारा मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो दूरच्या एखाद्या किल्लीच्या मुदतीवर अवलंबून राहू नये, ही जबाबदारी केंद्रीकरण स्वीकारणाऱ्या व्यवस्थेची आहे.