तळपायाला काय कळते?

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ओळीने लागतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याणजवळ छावणी उभारली गेली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आईवडिलांचे बोट धरून तेथे आलेली मुले आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. अंबरनाथच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेले अनेक कामगारही आता म्हातारे झाले आहेत. अशा घरांतून 'रात्री उठले आणि पाय घसरून पडले' हे वाक्य सहज ऐकू येते. ऐकणारा 'वय झाले' म्हणून विषय संपवतो. पण पडणाऱ्याला मधुमेह असेल तर एवढे उत्तर पुरत नाही. पाय घसरण्याच्या कितीतरी आधी तो बधिर झालेला असू शकतो. ही गोष्ट वैद्यकाला कशी उमगली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

निरीक्षण तसे फार जुने आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना हातापायांची आग आणि बधिरता यांचा उल्लेख येतो. कारण मात्र शतकानुशतके अज्ञात राहिले. एकोणिसाव्या शतकात युरोपात तर उलटाच समज होता, की मज्जासंस्था बिघडल्यामुळे मधुमेह होतो. १८४९ मध्ये क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी सुई टोचली, तेव्हा त्याच्या लघवीत साखर उतरली. त्यामुळे हा समज आणखी बळकट झाला. पुढे १८६४ मध्ये मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच वैद्याने कार्यकारणाची दिशा फिरवली. आधी मधुमेह, मग मज्जातंतूंची हानी, असे त्याने दाखवून दिले.

ही हानी पायांपासूनच का सुरू होते? कमरेतून अंगठ्यापर्यंत जाणारे मज्जातंतू सुमारे मीटरभर लांब असतात. शरीरातले सर्वांत लांब तंतू हेच. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. तिचा परिणाम सर्वांत दूरच्या टोकाला आधी दिसतो. मोजा घालावा तशी बधिरता बोटांकडून वर चढते.

बधिरतेचा तोलाशी असलेला संबंध दुसऱ्याच रोगातून कळला. १८४०च्या दशकात बर्लिनच्या मोरित्झ रोमबर्ग यांनी मेरुरज्जूच्या एका विकाराचे रोगी तपासले. पाय जुळवून उभे केलेले हे रोगी डोळे उघडे असताना सावरत, पण डोळे मिटताच डोलू लागत. शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर टिकतो: डोळे, अंतर्कर्ण आणि पाय. पायांची बातमी थांबली की डोळे भरपाई करतात. अंधार पडला की तीही थांबते.

यानंतरचा धागा भारतात येतो. १९४६ मध्ये डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी पाहिले की मांस झडत नव्हते. वेदना कळत नसल्यामुळे रोगी स्वतःला पुनःपुन्हा इजा करून घेत होता. त्यातूनच वेल्लोरला मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. 'एमसीआर चप्पल' म्हणून आज मधुमेही वापरतात, ती हीच. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरोग केंद्रात गेले आणि कुष्ठरोग्याच्या पायावरून शिकलेले धडे तेथे मधुमेह्याच्या पायाला लागू झाले.

बधिरता मोजायची कशी? १८९६ मध्ये फॉन फ्रे यांनी कमीअधिक ताठर केस त्वचेवर टेकवून स्पर्शज्ञान मोजले होते. १९६० मध्ये सेमेस आणि वाइनस्टाइन यांनी केसाऐवजी नायलॉनचा तंतू घेतला. यामागचे तत्त्व पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल: तंतू एकदा वाकला की आणखी दाबूनही जोर जवळपास तेवढाच राहतो. १९८६ मध्ये कार्व्हिलच्या बिर्क आणि सिम्स यांनी १० ग्रॅम जोराचा तंतू ही धोक्याची रेषा ठरवली. तो ज्याला कळत नाही, त्याच्या पायाचे संरक्षक ज्ञान गेले असे समजावे. याच्या जोडीला सेकंदाला १२८ कंपने करणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतात.

पण हे सारे लक्ष जखमेकडे होते. जखम दिसते, चिघळते, पाय कापावा लागतो. पडणे मात्र अपघातात जमा होते. मधुमेह्यांची चाल बिघडते हे काही वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते, तरी मोजमाप फार उशिरा झाले. १९९२ मध्ये अमेरिकेत पीटर कॅव्हनाघ आणि सहकाऱ्यांनी मधुमेह्यांच्या दोन गटांची तुलना केली. पाय बधिर असलेल्या गटात चालताना किंवा उभे असताना इजा होण्याची शक्यता सुमारे १५ पट आढळली. तळवा हे केवळ जपायचे कातडे नसून ज्ञानेंद्रियही आहे, याची आकड्यांतली साक्ष मिळाली.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील वीस वर्षांवरील ८.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. त्यांच्या पायांची तपासणी महागडी नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी भारतात ज्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमाचे नेतृत्व केले, त्याचा भर डॉक्टर आणि परिचारिकांना अशीच साधी तपासणी शिकवण्यावर होता.

वर्गात विद्यार्थ्यांना भिंतीजवळ एका पायावर उभे करा. आधी डोळे उघडे, मग मिटून. घोट्यापासचे स्नायू किती धडपडतात ते त्यांना जाणवेल. हा प्रयोग घरच्या वृद्धांवर मात्र करू नये. त्यांच्यासाठी विद्यार्थ्याने घरी तीन गोष्टी पाहाव्यात: बिछान्यापासून मोरीपर्यंत रात्री दिवा जळतो का, पायातली चप्पल मागे पट्टा असलेली आहे का, आणि आजी-आजोबांचे तळवे डॉक्टरांनी शेवटचे कधी तपासले.