गोळीच्या आधी ताट

चकली-अनारशांच्या दिवसांत औषधी गोळ्यांचा विषय काढणे अरसिकपणाचे खरे. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कारखानदारी टापूत राहणाऱ्याला तो टाळवत नाही. पाळी सुटली की औषधाच्या दुकानात जाऊन “शक्तीची कोणतीतरी गोळी द्या” म्हणणारी माणसे मी रोज पाहतो. त्या ‘कोणत्यातरी’ गोळीचा इतिहास त्यांना ठाऊक असता, तर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नसता.

या इतिहासाचा एक धागा मुंबईचा आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज विदुषी तेथे आल्या. गिरणकामगारांच्या वस्तीतल्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, आणि काही दगावतही. विल्सबाईंनी त्यांचे रक्त तपासले आणि त्यांच्या ताटाकडेही पाहिले. आधी उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. मग यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावतात ते मार्माइट, त्या बायकांना दिला. बायका सुधारल्या! १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातले गूढ द्रव्य कोणते, हे उमगायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड.

दुसरा धागा आमच्या पिंपरीजवळून जातो. रक्तक्षयाचा आणखी एक प्रकार काळजाचे, म्हणजे यकृताचे, मांस खाल्ल्याने बरा होतो, असे १९२६ साली अमेरिकेत दिसून आले. १९४८ साली त्यातले तांबडे स्फटिक हाती आले. तेच ब-१२ जीवनसत्त्व. गंमत अशी, की क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, तोच हे जीवनसत्त्वही तयार करतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन होऊ लागले. सूक्ष्मजीवांना पोसून त्यांच्याकडून औषध करवून घेण्याची विद्या आमच्या गावाने अशी फार पूर्वी पाहिली.

ब-१२ झाडात होत नाही, सूक्ष्मजीवच ते घडवतात. त्यामुळे मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुण्यातील व आसपासच्या खेड्यांतील ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरांतील ६७ जणांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ जणांत! म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरातच तूट मोठी.

येथेच ‘कोणत्यातरी’ गोळीतला धोका कळतो. फॉलिक ॲसिडची तूट आणि ब-१२ ची तूट, दोन्हींत रक्ताचे चित्र सारखेच दिसते. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारल्याचा भास होतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि उशीर झाला तर ते नुकसान पुरते भरून येत नाही.

तेव्हा गोळी निवडण्याआधी आपले ताट वाचावे. शाकाहारी घराने ब-१२ तपासून घ्यावे. गरोदर लेकी-सुनेला सरकारी दवाखान्यातली लोह व फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू देऊ नये. ही योजना १९७० पासून चालू आहे. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मात्र मदत करते. त्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू नयेत, जास्त गेल्या तर त्या विषासमान. दिवसभर छपराखाली काम करणाऱ्याने ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे; मनानेच मोठे डोस घेऊ नयेत, कारण ते शरीरात साठून राहते.

विल्सबाईंनी औषध देण्याआधी त्या बायका काय खातात हे विचारले होते. आपल्या घरातल्या माणसांना हा प्रश्न विचारायला तर प्रयोगशाळाही लागत नाही.